दाजी ३५% भाजलेत, खातायत तरी वाळत चाललेत. प्रोटीन नक्की किती आणि कसं द्यायचं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होणाराय, पण गेले तीन आठवडे डोकं चालेना झालंय म्हणून सगळंच लिहितो.

आमचे दाजी, वय ४१, घरचं गुऱ्हाळ. २३ दिवसांपूर्वी आधण (काहिलीत आटवलेला उसाचा रस) उतरवताना साखळी सटकली, काहील कलंडली आणि पाक अंगावर. पाण्यानं भाजणं वेगळं आणि हे वेगळं, पाणी १०० डिग्रीला उकळतं, गूळ उतरवायच्या वेळी पाक ११८ च्या आसपास असतो आणि वर तो चिकटतो, झटकला तरी निघत नाही. उजवा पाय पूर्ण, डावा बराचसा, आणि पाक पुसायला गेले तो हात कोपरापर्यंत. डॉक्टरांनी ३५% लिहिलंय, त्यातलं बरंचसं खोल. पाठीची कातडी काढून दोनदा ग्राफ्टिंग झालं, तिसरं बाकी आहे.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅडमिट केलं तेव्हा वजन ६४. चौथ्या दिवशी ७१ भरलं, आम्हाला वाटलं काटा बिघडलाय, तर म्हणे सूज आणि सलाइनचं पाणी. आता ५७. खांदे, दंड, गालफडं सगळं बसलंय. जो माणूस दोन्ही हातात गुळाच्या ढेपा घेऊन शेडभर फिरायचा त्याला आता पाण्याचा तांब्या धरवत नाही. आणि उपाशी नाहीयेत हो! नाकातून नळी आहे, शिवाय तोंडानंही थोडं थोडं चाललंय. मग हे सगळं जातंय कुठं?

तिथल्या डाएटिशियन मॅडमनी कागदावर लिहून दिलं, ३००० कॅलरी आणि १२० ग्रॅम प्रोटीन. ताईची सासू म्हणते जखमेवर अंडं-डाळ द्यायची नाही, पू होतो. भात नको, आंबट नको, वांगं तर बघायचं पण नाही. ती रोज डब्यात पेज, मुगाचं पाणी आणि शहाळं पाठवते. त्यात परवा शुगर २२० निघाली (आधी डायबेटिस अजिबात नव्हता) तर केळं आणि दूधपण बंद करा म्हणाली. आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) २.१ म्हणजे कमी आलंय, ते बघून एक पाहुणे म्हणाले अल्ब्युमिनची बाटली लावा म्हणजे प्रोटीनचं काम होऊन जाईल.

ताई मधल्यामधे रडकुंडीला आलीय. सासूला दुखवायचं नाही आणि डॉक्टरांचंही ऐकायचंय. कुणी यातून गेलं असेल किंवा या लाईनमधलं असेल तर सांगा. १२० ग्रॅम म्हणजे आम्ही घरी अख्ख्या दिवसात जेवढं खातो त्याच्या दुप्पट असणार, किडनीवर येणार नाही ना?

वॉर्डातली_सिस्टर

दादा, बर्न्स वॉर्डात ११ वर्षं काढलीत म्हणून बोलते. तुमच्या दाजींच्या सासूबाई... नाही चुकलं, ताईंच्या सासूबाई, त्या एकट्या नाहीत. आमच्याकडे दर दुसऱ्या पेशंटच्या उशाशी शहाळं आणि पेजेचा डबा असतो. पू होतो तो जंतूंमुळे, अंड्यामुळे नाही. उलट नवीन कातडी, ग्राफ्ट धरणं, जंतूंशी लढणाऱ्या पेशी, सगळं प्रोटीननंच बनतं. ज्याला अंडं बंद केलं त्याच्याच ग्राफ्ट उठून येताना मी जास्त बघितल्यात, हे माझं बघणं आहे बरं का, अभ्यास नव्हे.

डब्याचं सांगते. मुगाचं पाणी म्हणजे मूग खाली राहिले आणि पाणी पेशंटला. प्रोटीन कुठाय, तर पातेल्याच्या बुडाला, आणि ते घरचे खातात. तुमच्या कोल्हापूरकडचे लोक तर पांढरा रस्सा थर्मासमध्ये भरून आणतात, काय वास असतो, अख्खा वॉर्ड मान वळवतो. पण अहो रस्सा पिऊन ताकद येत नाही, ताकद फोडीत आहे. फोडी बाहेर बसलेला मेव्हणा खातो आणि रस्सा पेशंटला. (मेव्हणे तुम्हीच दिसताय, राग मानू नका 😀) शहाळ्यात तर प्रोटीन नावाला पण नाही, आणि पोटॅशियम भरपूर असतं, त्यामुळे या पेशंटला ते किती द्यायचं हेसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती सांगते. खाणं लिहून दिलेलं असतं ३००० चं, पोटात जातं किती ते मोजा. ड्रेसिंगला भूल द्यायची म्हणून रात्रीपासून उपाशी, ऑपरेशन थिएटरचा नंबर दुपारी दोनला, आणि दोनला कळतं की आज केस कॅन्सल. आठवड्यात असं दोनदा झालं की झालं, सोमवार-गुरुवारचा उपास घडला. म्हणून तुम्ही काय करा, एक वही घाला. नळीतून किती एमएल गेलं, तोंडानं काय गेलं, उलटी किती, जुलाब किती. आणि उपाशी ठेवलं की त्या दिवसाची तूट रात्रीच्या फीडमध्ये भरून काढता येईल का असं विचारा. भांडू नका, विचारा. वही हातात असलेल्या नातेवाइकाला डॉक्टरपण जरा नीट उत्तर देतात.

नळीचं फीड देताना डोक्याकडची बाजू वर, आणि दिल्यावरही लगेच आडवं करायचं नाही. नळी जागेवर आहे का ते सिस्टर बघतील, आपण होऊन काही ओतू नका. घरून केलेलं पातळ करून नळीत ओतणारे पण भेटलेत मला, नळी चोंदते आणि वर इन्फेक्शन.

अजून एक, खोलीत एसी लावा म्हणून कटकट करू नका. ती खोली मुद्दाम २८-३० डिग्रीला ठेवतात. बाकीच्यांना घाम फुटतो पण कातडी नसलेल्या अंगातून पाणी सारखं उडत असतं, अंग गार पडतं आणि ते गरम ठेवायला शरीर अजून कॅलरी जाळतं. थंड खोली म्हणजे पेशंटच्याच खिशातून खर्च.

आहारवाली

सिस्टरनी निम्मं काम केलं. मी क्लिनिकल डाएटिशियन आहे, बर्न्स युनिटमध्ये चार वर्षं होते, आता जनरल आयसीयू बघते. "जातंय कुठं" हा प्रश्न अगदी बरोबर पकडलात, त्याचंच उत्तर देते.

साधा उपाशी माणूस घ्या. त्याचं शरीर चार-पाच दिवसांत शहाणं होतं. भट्टी मंद करतं, चरबी जाळायला लागतं, चरबीतून बनणाऱ्या कीटोनवर मेंदू चालवतं आणि स्नायू वाचवून ठेवतं. मोठ्या भाजण्यात हा शहाणपणा येतच नाही. अ‍ॅड्रेनलिनच्या जातीची हॉर्मोन्स, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन, सूज वाढवणारी रसायनं, सगळं एकदम चढतं आणि आठवडेच्या आठवडे चढलेलंच राहतं. ४०% च्या वर भाजलेल्यांत नुसतं पडून राहायला लागणारी एनर्जी दीडपट ते दुप्पट होते. तुमच्या भाषेत सांगायचं तर चुलवाण विझूच देत नाही. चिपाडं संपली? मग शेडचे वासे काढून घाल. ते वासे म्हणजे दाजींचे दंड आणि मांड्या.

स्नायू तुटून प्रोटीनचे सुटे तुकडे म्हणजे अमिनो अ‍ॅसिड रक्तात येतात. त्यातली काही जखमेला आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशींना लागतात, त्यातलंच एक, ग्लुटामिन, आतड्याच्या अस्तराला लागतं, आणि बराच भाग लिव्हरमध्ये जाऊन त्याची चक्क साखर होते. कारण जखम साखरेवर जगते, आणि तीही अर्धवट जाळते, उरलेलं लॅक्टेट परत लिव्हरकडे, लिव्हर परत त्याची साखर करणार, असं रहाटगाडगं. वर इन्सुलिन असूनही नीट काम करत नाही. म्हणून २२०. ती केळ्याची शुगर नाहीये, दाजींच्या स्वतःच्या मांसाची आहे असं म्हटलं तरी चालेल. दूध-केळं बंद करून ती उतरणार नाही, स्नायू मात्र अजून तुटतील. त्यावर इन्सुलिन देतात, आणि खाणं चालू ठेवतात. सासूबाईंना एवढं एकच वाक्य सांगा.

अमिनो अ‍ॅसिडची साखर केली की नायट्रोजन उरतो, तो युरिया होऊन लघवीतून जातो. शिवाय जखमेतून जो चिकट पाझर येतो त्यातून वेगळं प्रोटीन जातं, ते तर कुठल्या रिपोर्टमध्येही दिसत नाही, चादरीत जातं. हिशोब बघा: १ ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रोटीन, म्हणजे साधारण ३० ग्रॅम ओला स्नायू. समजा दिवसाला घेतलं त्यापेक्षा १५ ग्रॅम नायट्रोजन जास्त गेला, तर साडेचारशे ग्रॅम मांस गेलं. एका दिवसात. तीन आठवड्यांत दंड कुठं गेले ते कळलं?

(हे सगळं पहिल्यांदा लक्षात आलं ते भाजलेल्यांत नव्हे, हाड मोडलेल्यांत. ग्लासगोमध्ये कथबर्टसन नावाच्या माणसानं १९३० च्या आसपास फ्रॅक्चरच्या पेशंटांच्या लघव्या मोजल्या आणि त्याला दिसलं की नायट्रोजन जातोय तो नुसत्या मोडलेल्या पायाचा नाही, अख्ख्या शरीराचा जातोय. मला कॉलेजात हे फार भारी वाटलं होतं, लघव्या मोजून एवढं कळणं.)

आता कागदावरचा आकडा. ३००० कुठून आले ते मी सांगते: २५ गुणिले ६४ किलो म्हणजे १६००, अधिक ४० गुणिले ३५ टक्के म्हणजे १४००. हे १९७० च्या दशकातलं करेरीचं सूत्र. सोपं आहे म्हणून अजून वापरतात, पण ते जरा सढळ हातानं देतं, आणि जास्त कॅलरी कोंबल्या तर लिव्हरवर चरबी चढते, शुगर अजून वाढते, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला जड जातं. श्वास मोजून खरी गरज काढायचं मशीन असतं, सगळीकडे नसतं. त्यामुळे ३००० ला देवाचा शब्द धरू नका, दर आठवड्याला मॅडमना परत काढायला लावा, जखम भरत जाईल तसा तो आकडा उतरतो.

प्रोटीनचं मात्र उलट, तिथं कमी पडू द्यायचं नाही. मोठ्या माणसाला किलोमागे दीड ते दोन ग्रॅम. ६४ ला ९६ ते १२८. १२० बरोबर आहे. लहान मुलांना किलोमागे याहूनही जास्त, ३ ग्रॅमपर्यंत. आणि वजन धरायचं ते भाजण्याआधीचं, सुजेचं ७१ नाही आणि आताचं ५७ पण नाही.

किडनी: क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवी ठीक असेल तर एवढ्या प्रोटीननं किडनी जात नाही. युरिया थोडा वाढलेला दिसेल. क्रिएटिनिन वाढलं तर डॉक्टर आणि डाएटिशियन मिळून ठरवतील, पण घरच्या घरी कुणी कमी करायचं नाही.

अल्ब्युमिन: ते कमी आहे म्हणजे खाणं कमी पडलंय असं थेट म्हणता येत नाही. भाजल्यावर रक्तवाहिन्या गळक्या होतात, ते बाहेर झिरपतं, आणि लिव्हरपण त्या काळात अल्ब्युमिन बनवायचं सोडून सीआरपीसारखी सुजेची प्रोटीन बनवत बसते. बाटली लावायची की नाही हा वेगळा निर्णय, डॉक्टरांचा. पण बाटली म्हणजे जेवण नव्हे, पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा.

तोंडानं नीट जायला लागलं की १२० असं बसतं. म्हशीचं दूध दिवसभरात एक लिटर, सदतीसेक ग्रॅम. त्यातच ३० ग्रॅम स्किम्ड मिल्क पावडर कालवायची, १० ग्रॅम. चार अंडी, २४. चिकनच्या शिजलेल्या फोडी १०० ग्रॅम, २५. दोन वाट्या घट्ट वरण, म्हणजे कच्ची डाळ ६० ग्रॅम, १३. भाकरी-चपाती-भात मिळून पंधराएक. झाले १२४. चिकन नको त्या दिवशी ५० ग्रॅम सोया चंक्स, २६ ग्रॅम, आकारमान बघता त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. बाजारात हेल्थ ड्रिंक म्हणून जे डबे मिळतात त्यावरचं लेबल वाचा, बरेचदा साखरच पैसे देऊन घेतो आपण.

जीवनसत्त्वं आणि झिंक, कॉपर, सेलेनियम हे पण जखमेतून वाहून जातं, ते वॉर्डात देत असतील. घरून झिंकच्या गोळ्या अजून वर देऊ नका, झिंक जास्त झालं की कॉपर शोषलं जात नाही. आंबट चालतं. लिंबू, आवळा, संत्रं, सगळं चालतं, तोंडात जखमा असतील तर झोंबेल तेवढंच.

आणि शेवटी, खरी भट्टी कशानं मंद होते? जखम झाकल्यानं. मेलेली कातडी लवकर काढून ग्राफ्ट लावणं हा यातला सगळ्यात मोठा उपाय, खाणं त्याच्या खालोखाल. तिसरं ग्राफ्टिंग लांबवू नका.

निवांत_काका

सगळं वाचलं. माहितीपूर्ण आहे पण आमच्या काळी एवढे ग्रॅम मोजत नव्हतो बुवा. मुगाचं कढण, साजूक तूप, मऊ भात, माणसं बरी व्हायची. आमच्या आळीतले एक गृहस्थ प्रोटीन पावडर खाऊन डायलिसिसवर गेले. शरीर जे मागत नाही ते देऊ नये. भूक नाही याचा अर्थच पचनशक्ती क्षीण आहे.

आहारवाली

काका, तुपाला माझा विरोध नाही, भातावर घाला, कॅलरी लागतातच. पण फार चरबीही नको, एकूण कॅलरीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बरी. कढणही द्या, मात्र मुगासकट, घोटून.

पण आमच्या काळी माणसं बरी व्हायची हे ५-१०% भाजलेल्यांबद्दल खरं आहे. तेव्हा ३५-४०% वाली किती घरी आली ते आठवून बघा. आणि तुमच्या गृहस्थांच्या किडन्या आधीपासून कशा होत्या हे आपल्याला ठाऊक नाही. भुकेचं म्हणाल तर या आजारात भूक आणि गरज यांची फारकत झालेली असते, म्हणून तर नळी घालतात, तीही पहिल्या २४ तासांच्या आतच, जमलं तर १२. आतडं रिकामं ठेवलं की त्याचं अस्तर खराब होतं.

परत_उभी

इथं सहसा लिहीत नाही, वाचून निघून जाते. आज लिहिते.

मी ४२%, २०१६ मध्ये, सिलिंडरची नळी गळत होती. ५८ किलोची ४३ झाले होते. हॉस्पिटलचं नाव घेणार नाही, उपचार चांगले केले त्यांनी, पण पहिले दहा दिवस माझ्या खाण्याकडे कुणी बघितलंच नाही. ट्रे यायचा, झाकण न काढता परत जायचा. दोन्ही हात बँडेजमध्ये, खाणार कशी? भरवायला घरच्यांना आत सोडत नव्हते. मावशी ट्रे उचलताना म्हणायची, "नको वाटतं होय?" आणि कागदावर लिहिलेलं असायचं, हाय प्रोटीन डाएट. नंतर एक नवीन डॉक्टर आली, तिनं ट्रेचं झाकण उघडून बघितलं आणि त्या दिवशी संध्याकाळी नळी पडली. मी तेव्हा तिला शिव्या घातल्या होत्या मनात.

भूक खरंच लागत नाही हो. त्या पांढऱ्या मलमाचा वास नाकात बसलेला, दूध तोंडाजवळ आलं की तोच वास. माझ्या मिस्टरांनी नळी निघाल्यावर मोबाईलला दर दोन तासांचा अलार्म लावला, रात्रीपण. दोन घास, चार घोट, बास. शेंगदाण्याचा लाडू अर्धा. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात. उकडलेलं अंडं नुसतं जात नव्हतं तर कुस्करून मऊ भातात, वर लिंबू आणि मिठाची कणी. दुसरं म्हणजे मलम लावायच्या आधी अर्धा तास खायचं, नंतर नाही, हे आमचं आम्हीच शोधून काढलं.

पण मला सांगायचंय ते नंतरचं. घरी आल्यावर सगळ्यांना वाटतं संपलं. संपत नाही. मला वर्षभर रात्री अंगातून वाफा निघायच्या, थंडीत पंखा लावून झोपायचे, बसल्या जागी नाडी ११० चालायची. डॉक्टर म्हणाले ती भट्टी दोन-दोन वर्षं चालू राहू शकते. केस गेले, मग आले. आणि वजन आलं परत, आठ महिन्यांत ५४ झाले, सगळे खूश, पण आलं ते सगळं पोटावर! हातात तेच काड्या. कुकर गच्च भरलेला उचलता येत नव्हता, दोन हातांनी सरकवत न्यायचे ओट्यावरून. फिजिओवाल्या ताईनं सांगितलं, नुसतं खाल्लं तर चरबी होते, स्नायूला काम दिलं तरच तिथं प्रोटीन बसतं. मग एक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन सुरुवात केली. रडत रडत. खाज सुटायची घाम आला की. पण हात आले.

आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या घरी आल्यावर. भाजलेल्या कातडीत ते पूर्वीसारखं बनत नाही आणि आपण उन्हात पण जात नाही, माझं अगदीच तळाला गेलेलं होतं, पाठ दुखायची ती त्यानंच.

सासूबाईंना नावं ठेवू नका. त्यांना काहीतरी करायचंय मुलासाठी, हातात डबा आहे तेवढाच. त्यांना डब्याचं काम द्या, डब्यात काय ते तुम्ही ठरवा.

पंचगंगाकाठ

परत_उभी ताई, तुमचं वाचून ताईला फोनवर वाचून दाखवलं, दोघंही काही बोललो नाही बराच वेळ.

सिस्टर, रश्श्यातल्या फोडी खाल्ल्याचा गुन्हा कबूल 🙏 वही घातली आजपासून. पहिल्याच दिवशी कळलं की २४ तासांत ठरलेल्या २ लिटर फीडपैकी ११५० एमएलच गेलंय. दोनदा ड्रेसिंगसाठी थांबवलं आणि परत चालू करायचं राहून गेलं. कुणाला दोष देत नाही, वॉर्डात दोन सिस्टर आणि २६ पेशंट.

एकच विचारायचं राहिलं. भाचा जिमला जातो, तो म्हणतो ग्लुटामिनची पावडर मागवू का, आहारवाली मॅडमनीच लिहिलंय ना की ते लागतं म्हणून. आणि वजन वाढायची इंजेक्शनं असतात म्हणे?

आहारवाली

हे चांगलं विचारलंत, कारण कागदावर हा तर्क इतका सुंदर दिसतो की आम्हीपण वर्षानुवर्षं देत होतो. शरीरात ग्लुटामिन कमी पडतं, मग बाहेरून द्या. २०२२ मध्ये १४ देशांतल्या ५४ बर्न्स सेंटर्सनी मिळून १२०० च्या वर पेशंटांवर केलेल्या चाचणीचा निकाल आला. घरी लवकर गेले का, जास्त वाचले का? नाही. काही फरक नाही. त्यामुळे भाच्याला म्हणावं ते पैसे अंड्यांवर घाल.

वजनाची इंजेक्शनं म्हणजे स्टेरॉइडच्या कुळातली औषधं. बर्न्समध्ये ऑक्सँड्रोलोन नावाची गोळी खरंच वापरली जायची, अमेरिकेत २०२३ मध्ये तिची मान्यता काढून घेतली. जिमच्या ओळखीतून काहीही आणू नका, प्लीज.

भट्टी मंद करणारं एक औषध आहे, प्रोप्रॅनोलॉल, बीपी आणि धडधडीसाठी देतात तेच. अमेरिकेतल्या गॅल्व्हस्टनच्या टीमनं २००१ मध्ये जास्त भाजलेल्या २५ मुलांवरचा अभ्यास छापला, नाडी कमी झाली आणि स्नायू तुटणंही कमी झालं. पण ते द्यायचं की नाही हे नाडी-बीपी बघून तिथले डॉक्टरच ठरवणार. विचारायला हरकत नाही, "हे दाजींना चालेल का?" एवढंच.

फीड परत चालू करायचं राहून जातं हे सगळीकडे होतं. ड्रेसिंग संपलं की तुम्हीच सिस्टरना आठवण करा.

वॉर्डातली_सिस्टर

२६ ला दोन म्हणजे बरं चाललंय म्हणायचं 😑

करा हो आठवण, आम्हाला राग येत नाही. म्हणजे येतो, पण फीड चालू करतो.

पंचगंगाकाठ

पाच आठवड्यांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल माफी.

तिसरं ग्राफ्टिंग झालं, बरंचसं धरलं, टाचेजवळ बोटभर जागा उघडी आहे तिचं ड्रेसिंग चालू आहे. नळी निघून सोळा दिवस झाले. शुगर आता खाल्ल्यावर १४० च्या आत, इन्सुलिन बंद. मॅडमनी आकडा २५०० वर आणला पण प्रोटीन ११० च्या खाली येऊ द्यायचं नाही म्हणाल्या. वजन ५९.

सासूबाईंचं सांगतो. परत_उभी ताईंनी सांगितलं तसं केलं, त्यांना म्हटलं मावशी, तुमचा डबा डॉक्टरांनी वाढवलाय. दूध कट्ट्यावरून धारोष्ण दूध आणायचं, पण उकळून मगच द्यायचं, हे त्यांना एकदम पटलं. डाळ "पाणी काढायच्या आधीची" द्यायची म्हटल्यावर थोडी कुरकुर, पण आता घोटून घट्ट वरण येतं. अंड्याला मात्र त्या हात लावत नाहीत, माळकरी आहेत, मग अंडी मी उकडून नेतो. त्यांच्या डब्यात त्या दिवशी पनीर. काल डबा देताना मला म्हणाल्या, "आज पंचेचाळीस ग्रॅम हायत बघ, मोजून घातल्यात." आता पंचेचाळीस ग्रॅम म्हणजे पनीरचं वजन होतं, प्रोटीन नव्हे, पण मी काही बोललो नाही.

दाजी दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली करतात, सकाळी दहा, संध्याकाळी दहा. काल अकरावा मारला. मग मला विचारलं, गुऱ्हाळाचं आधण कोण घेतंय सध्या.